पॅनेल उतरवल्यावर काय?



छतावरचं सौर पॅनेल साधारण 25 वर्षं चालतं. पुढे? त्यात सर्वाधिक काच, शिवाय अ‍ॅल्युमिनियमची चौकट, सिलिकॉन, तांबं, थोडी चांदी आणि सोल्डरमधलं शिसं. भंगारात अ‍ॅल्युमिनियम, तांबं लगेच विकलं जातं. फुटकी काच आणि शिसं मागे उरतं.

1 एप्रिल 2023पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार 2034-35पर्यंतचा पॅनेल-कचरा उत्पादकांनी साठवायचा आहे. पण साठवण म्हणजे विल्हेवाट नव्हे. म्हणून मी दोन गोष्टी मागतो. पॅनेल बसवतानाच ते परत नेण्याची लेखी हमी घ्या. आणि कुर्ला, धारावीत भंगार फोडणाऱ्या आपल्या भावाबहिणींना प्रशिक्षण, सुरक्षा साधनं आणि अधिकृत केंद्रांत काम द्या. स्वच्छ विजेची किंमत त्यांच्या आरोग्याने का चुकवावी?