‘सर्व्हे झाला’ म्हणजे नेमके काय झाले?

(बुलढाणा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



पूर्णेच्या खोऱ्यातील एखाद्या बुडीत गावात जाऊन घरांचे काय ठरले असे विचारले, की पहिले उत्तर मिळते : ‘सर्व्हे झाला.’ कोणता सर्व्हे, हा पुढचा प्रश्न विचारला की मात्र चावडीवर एकमत होत नाही. कोणी सांगतो, टेप लावून भिंती मोजून नेल्या. कोणी म्हणतो, दुर्बीण लावून दगड रोवले. कोणाला वरून फिरून गेलेला ड्रोन आठवतो, तर एखादी म्हातारी सांगते की घरातली माणसे मोजली आणि अंगठा घेतला. या चारही गोष्टी खऱ्या असतात. पण त्या चार निराळ्या पाहण्या असतात, चार निराळ्या प्रश्नांची उत्तरे शोधणाऱ्या असतात, आणि त्यांतली एक झाली म्हणून दुसरी झाली असे होत नाही. सरकारी कागदात मात्र चौघींना मिळून ‘सर्वेक्षण पूर्ण’ असा एकच शिक्का बसतो. त्या शिक्क्याखाली गरिबाचे घर कसे नाहीसे होते, हे कार्यकर्त्याने नीट समजून घेण्याची गरज आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहणे भाग आहे. मराठी मुलखात शेतजमिनीला काळी आणि वस्तीच्या जागेला पांढरी म्हणण्याची जुनी रीत आहे. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि १८६०च्या दशकात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर येथे जमिनीची मोजणी सुरू झाली. ती मोजणी सारा बसविण्यासाठी होती. म्हणून तिने काळी शेताशेताने मोजली आणि पांढरीभोवती एकच रेघ ओढून ती सोडून दिली. सात-बारा शेताचा असतो, घराचा नसतो, याचे मूळ तेथे आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६च्या कलम १२६ने गावठाणाच्या मोजणीची सोय केली. परंतु व्यवहारात दोन हजारांहून अधिक वस्तीची गावेच तिच्या कक्षेत आली, आणि लहान गावांतील घरे बहुधा ग्रामपंचायतीच्या नमुना ८वर विसंबून राहिली. नमुना ८ हा कर आकारणीचा कागद आहे. घरपट्टी कोणी भरली ते तो सांगतो. घर कोणाचे, हे सिद्ध करण्याचे बळ त्याच्या अंगी नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी ड्रोन आला. पुणे जिल्ह्यातील सोनोरी गावी प्रयोग झाल्यानंतर महाराष्ट्राने गावठाणांची ड्रोनद्वारे मोजणी हाती घेतली, आणि २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राने ‘स्वामित्व’ योजना जाहीर केली. मालमत्तेच्या हद्दी चुन्याने आखायच्या, भारतीय सर्वेक्षण विभागाने वरून छायाचित्रे घ्यायची, त्यांवरून नकाशा तयार करायचा, जागेवर चौकशी व हरकती होऊन सनद आणि मिळकत पत्रिका द्यायची, असा तिचा क्रम आहे. योजना वाईट नाही. जिच्या घराला कागदच नव्हता त्या विधवेच्या हाती कागद येत असेल, तर त्याचे स्वागतच केले पाहिजे. पण ड्रोनला छप्पर दिसते. छपराखालची सामाईक भिंत दिसत नाही, आणि त्या भिंतीवर दोन भावांपैकी कोणाचा हक्क आहे हे तर मुळीच दिसत नाही. ज्या दिवशी चुना टाकला गेला त्या दिवशी जो कुटुंबप्रमुख मजुरीसाठी सुरतेला गेला होता, त्याची हद्द शेजाऱ्याने आखलेली असते. चौकशीच्या दिवशी हरकत घेतली नाही तर ती रेघ पक्की होते. शिवाय ही मोजणी जागेची आहे. तिच्यावरून घराची किंमत कळत नाही आणि घरात किती कुटुंबे नांदतात तेही कळत नाही.

आता धरणाकडे वळू. नांदुरा तालुक्यात पूर्णा नदीवर उभारल्या जात असलेल्या जिगाव प्रकल्पाला १९९०च्या दशकात प्रथम मान्यता मिळाली. त्यानंतर त्याचा खर्च मूळ अंदाजाच्या कितीतरी पटींनी वाढला, आणि बुडीत गावांच्या पुनर्वसनाचा प्रश्न पिढी उलटली तरी चर्चेत राहिला. हा मुलूख सपाट आहे, खारपाणपट्ट्याचा आहे. डोंगराळ भागात पाण्याची पातळी हातभर चढली तर काठ थोडाच सरकतो. येथे तेवढ्याच चढाने पाणी शिवारच्या शिवार ओलांडते. त्यामुळे पूर्ण संचय पातळीची रेषा कोणत्या घराच्या अलीकडून आणि कोणत्या घराच्या पलीकडून गेली, हे ठरवणारी समतल पाहणी येथे सर्वांत आधीची आणि सर्वांत निर्णायक ठरते. नर्मदेच्या खोऱ्यात फुगवट्याच्या पाण्याची पातळी नव्याने ठरविताच मध्य प्रदेशातील हजारो कुटुंबे कागदावर बुडितातून बाहेर पडली. घरे मात्र जागच्या जागी होती. एखादे घर ‘अंशतः बाधित’ ठरले तर त्याचे काय, यालाही कायद्यात उत्तर आहे. २०१३च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ९४प्रमाणे मालकाची इच्छा संपूर्ण घर संपादित व्हावे अशी असेल, तर नुसती ओसरी किंवा गोठा घेऊन उरलेले घर त्याच्या गळ्यात मारता येत नाही. हे कलम गावोगाव माहीत असायला हवे होते. ते नाही.

खरा घात होतो तो मूल्यांकनाच्या पाहणीत. कलम २९नुसार बांधकामाची किंमत ठरवताना जिल्हाधिकारी सक्षम अभियंत्याची किंवा त्या विषयातील तज्ज्ञाची मदत घेऊ शकतो. अभियंता येतो, जोते मोजतो, भिंतीची जाडी, छपराचा प्रकार, दारे-खिडक्या लिहून घेतो, दरसूचीप्रमाणे आकडा काढतो आणि मग घराच्या वयानुसार त्यातून घसारा वजा करण्याचा प्रश्न येतो. येथे वर्गाचा प्रश्न उघड होतो. सिमेंटच्या घराला दरसूचीत प्रत्येक कलम सापडते. मातीच्या भिंतींचे धाब्याचे घर, ज्याचे लाकूड आजोबांनी घातले आणि ज्याचे धाबे घरच्या माणसांनी पावसाळ्याआधी दरवर्षी दुरुस्त केले, ते ‘कच्चे, जुने’ या दोन शब्दांत संपते. साठ वर्षांच्या घराची घसारा जाऊन उरलेली किंमत आणि तेवढीच जागा देणारे घर आज नव्या गावठाणात बांधण्याचा खर्च, यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. आणि विस्थापिताला दुसरे घर जुन्या भावाने कोणी बांधून देत नाही. जागतिक बँक ही काही गरिबांची कैवारी म्हणून ओळखली जात नाही. तिनेसुद्धा २००१च्या आपल्या पुनर्वसन धोरणात पुनर्स्थापनेचा खर्च धरताना घसारा आणि जुन्या सामानाची किंमत वजा करू नये असे लिहून ठेवले. म्हणून मूल्यांकनाची पाहणी होण्यापूर्वीच कार्यकर्त्याने लेखी विचारले पाहिजे : ही किंमत विकाऊ घराची काढली जाणार आहे की पुन्हा उभारायच्या घराची?

यात आणखी एक हिशेब आहे. कलम ३०प्रमाणे ठरलेल्या भरपाईवर शंभर टक्के दिलासा रक्कम मिळते. म्हणजे गोठा, न्हाणी, भिंतीतले बळद किंवा विहीर मोजपत्रकात उतरली नाही आणि त्यामुळे किंमत दहा हजारांनी कमी धरली गेली, तर घरमालकाचे नुकसान वीस हजारांचे होते.

यानंतरची पाहणी माणसांची. कलम १६ प्रभावित कुटुंबांची पाहणी व गणना करायला सांगते, आणि तीत भूमिहीनांच्या बुडालेल्या रोजगाराचीही नोंद अपेक्षित आहे. या कायद्याने ‘कुटुंब’ या शब्दाचा अर्थ रुंद केला. विधवा, घटस्फोटित आणि टाकून दिलेल्या स्त्रिया ही स्वतंत्र कुटुंबे मानली; प्रौढ व्यक्ती, मग ती स्त्री असो वा पुरुष, स्वतंत्र कुटुंब मानली. ज्यांच्या नावे गुंठाभरही जमीन नाही, पण जे तीन वर्षे त्या शिवारात मजुरी, वाटेकरी किंवा कारागिरी करून जगले, त्यांनाही प्रभावित म्हटले. घराची मोजणी मात्र मिळकतीवरून चालते. आजोबांच्या नावावरील एका मिळकतीत तीन चुली असतील तर मोजणाऱ्याच्या वहीत एक घर उतरते आणि गणनेतही एकच कुटुंब उतरण्याचा धोका राहतो. इमारतीच्या पाहणीचा कागद माणसांच्या गणनेसाठी वापरणे ही आळसाची गोष्ट वाटते. परिणामाने ती लूट असते. त्यातच २०१८च्या दुरुस्तीने महाराष्ट्राने काही प्रकारच्या प्रकल्पांना सामाजिक आघात मूल्यमापनातून सूट देण्याची वाट मोकळी केली. तेव्हा जेथे ते मूल्यमापन होणार नाही, तेथे गणनेचा कागद हाच शेवटचा आधार उरतो.

इमारतीच्या प्रकृतीची पाहणी हा आणखी निराळा प्रकार आहे. या भागात मोडकळीस आलेल्या शाळाखोलीला ‘शिकस्त’ म्हणतात. खोली शिकस्त आहे हे डोळ्यांना दिसते. पण ती दुरुस्त करावी की पाडावी, हे पाया, भिंत आणि छप्पर तपासल्याशिवाय सांगता येत नाही. काळ्या मातीच्या प्रदेशात तर भिंतीची भेग पुष्कळदा भिंतीची नसतेच. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि पाया तिच्याबरोबर हलतो. वरून गिलावा केला की पुढच्या वैशाखात भेग परत येते. इंग्लंडात घर विकत घेणाऱ्याला जाणकार एक गोष्ट हमखास बजावतात : कर्ज देणाऱ्या संस्थेने केलेले मूल्यांकन म्हणजे घराची तपासणी नव्हे; ते संस्थेचा पैसा सुरक्षित आहे की नाही तेवढेच पाहते. बुलढाण्यातही ग्रामपंचायतीने दुरुस्तीचा प्रस्ताव करताना खर्चाचे अंदाजपत्रक आणि संरचनेची तपासणी यांत गल्लत करू नये.

नव्या गावठाणाची जागा निवडताना हाच विषय दुसऱ्या बाजूने पुढे येतो. तेथे अजून इमारत नाही, म्हणून इमारतीची पाहणीही नाही; पण जमिनीची पाहणी हवी. प्लॉट पाडण्याआधी मातीचे परीक्षण झाले पाहिजे, पावसाचे पाणी कोणीकडे वाहते ते पाहिले पाहिजे. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशाच काळ्या मातीसाठी तळाशी फुगीर असलेल्या खांबांचा पाया विकसित केला. हे शास्त्र देशात उपलब्ध असताना पुनर्वसित गावातील घरे पहिल्या चार-पाच पावसाळ्यांत तडकली, तर दोष नशिबाचा नाही.

येथे स्वतःकडेही पाहावे लागेल. १९२१च्या मुळशी सत्याग्रहापासून महाराष्ट्रात धरणग्रस्तांच्या लढ्याची परंपरा आहे. ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही घोषणा रस्त्यावर आली, आणि राज्याला १९७६ साली पुनर्वसनाचा कायदा करावा लागला. पण चळवळीने दरासाठी मोर्चे काढले, आणि मोजमाप मात्र मोजणाऱ्यावर सोडून दिले. दर दुप्पट झाला आणि क्षेत्र निम्मे लिहिले गेले, तर मोर्चा कोणासाठी काढला? टेप, नकाशा आणि मोजपत्रक ही रूक्ष साधने वक्तृत्वाला साजेशी नाहीत, म्हणून ती कारकुनाची मानली गेली. ही चूक आता सुधारायला हवी.

ही सुधारणा घरात मोजणीदार शिरण्याच्या आधी सुरू होते. कलम १२ सांगते की राहत्या घरात किंवा त्याच्या बंदिस्त अंगणात रहिवाशाच्या संमतीशिवाय शिरायचे असेल, तर निदान सात दिवस आधी लेखी नोटीस द्यावी लागते. ते सात दिवस वाया घालवू नयेत. कोणती पाहणी आहे, जागेची, पातळीची, किमतीची की माणसांची, हे नोटिशीवरून ओळखावे. नोटिशीत नसेल तर अर्ज करून विचारावे. घरमालकाने स्वतः टेप धरून जोते, ओसरी, गोठा, न्हाणी मोजून वहीत लिहावे आणि तारीख घातलेली छायाचित्रे काढून ठेवावीत. पाहणीच्या दिवशी आतली खोली आणि मागची पडवी उघडी ठेवावी. मोजपत्रकाची प्रत मागावी, ती स्वतःच्या वहीशी ताडून पाहावी, फरक असेल तर सहीच्या वर तसा शेरा लिहावा. आणि जेथे सहीऐवजी अंगठा उमटणार असेल, तेथे गावातल्या कार्यकर्त्याने ते पत्रक त्या बाईला आधी वाचून दाखवावे, आणि तिची वेगळी चूल त्यात लिहिली आहे की नाही ते पाहावे.