साखर उतरते, पण अलार्म वाजत नाही

आजच्या भागात कोडिंग नाही, नवा फोन नाही. आज रक्तातल्या साखरेबद्दल बोलूया. तीही डायबेटिस नसलेल्यांच्या.

“साखर कमी झाली” म्हटलं की आपल्याला इन्सुलिन घेणारे शेजारचे काका आठवतात. पण ॲनोरेक्सिया, बुलिमिया यांसारखे खाण्याशी जोडलेले मानसिक आजार, म्हणजे ईटिंग डिसऑर्डर, असलेल्यांचीही साखर जिवावर बेतेल इतकी खाली जाऊ शकते. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरमध्ये काम करते. माझ्या मावसबहिणीला ॲनोरेक्सियासाठी ॲडमिट केलं होतं, तेव्हा मी तिच्यासोबत राहिले. तिथे डॉक्टरांना विचारून विचारून जे समजलं, ते सांगते.

आधी हे चालतं कसं ते बघू. एकट्या मेंदूला दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं. आपण जेवलो नाही तर लिव्हर आपल्या साठ्यातून साखर सोडतं. ही आपली पॉवर बँक. ती साधारण एक दिवस पुरते. मग शरीर स्नायूंतल्या प्रोटीनपासून नवी साखर बनवतं आणि चरबीवरही चालतं. म्हणून तर एकादशीच्या उपवासाने धडधाकट माणूस बेशुद्ध पडत नाही.

पण महिनोन्महिने उपासमार झाली असेल तर? पॉवर बँक रिकामी, स्नायू झिजलेले, चरबी संपत आलेली. मग साखर बनवायची कशापासून? बुलिमियात वेगळाच घोळ होतो. खाल्लं की इन्सुलिन सुटतं, पण उलटी केल्यामुळे अन्न बाहेर जातं. इन्सुलिन मात्र रक्तात आपलं काम करतच राहतं. अशा वेळीही साखर घसरू शकते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एरवी साखर उतरली की शरीर अलार्म वाजवतं. घाम येतो, हात थरथरतात, छाती धडधडते, कडकडून भूक लागते. पण साखर वारंवार कमी राहिली की हा अलार्म मंदावतो. एका सकाळी नर्सने बहिणीची साखर तपासली, तर मीटरवर ४८. सत्तरच्या खाली गेली तरी कमी धरतात, चोपन्नच्या खाली म्हणजे गंभीर. आणि ही मजेत फोन बघत बसलेली! मला म्हणाली, “ताई, मला काहीच होत नाहीये.” ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच काही जाणवत नव्हतं.

म्हणून “ती बरी दिसते” यावर विसंबू नका. दिसायला बारीक नाही, यावरही नको. वजन नॉर्मल असलेल्यांनाही हे आजार असतात. बोलताना अडखळणं, गोंधळणं, विनाकारण चिडणं, दिवसा झापड येणं, यांकडे लक्ष ठेवा. याला लगेच “नखरे” म्हणू नका.

मग भरपूर खाऊ घातलं की झालं? मावशीलाही तसंच वाटलं. तिने डबाभर साजूक तुपातला शिरा आणला. डॉक्टर म्हणाले, “काकू, आज दोनच चमचे.” मावशीला रडू आलं. पण त्यामागे कारण होतं. उपाशी शरीरात एकदम खूप अन्न गेलं की इन्सुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींमध्ये ओढलं जातं. रक्तात त्यांची पातळी कोसळली तर हृदय आणि श्वास धोक्यात येतो. याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात उपासमार झालेले काही कैदी सुटल्यावर जेवण मिळूनही दगावले, ते यामुळेच. म्हणून हॉस्पिटलमध्ये रोज रक्त तपासत, बी-१ व्हिटॅमिन देत, आहार हळूहळू वाढवतात. सुरुवातीच्या दिवसांत जेवणानंतरसुद्धा साखर घसरू शकते, म्हणून रात्रीही बोटाला सुई टोचतात.

मग घरी असं झालं तर काय करायचं? माणूस शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. बरं वाटलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, कारण साठाच नाही, साखर पुन्हा उतरू शकते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. डॉक्टरांना खाण्याचा आजार आहे हे स्पष्ट सांगा. लाजेपोटी “अशक्तपणा आहे” एवढंच सांगू नका, उपचार त्यावर ठरतात.

आणि हे ऐकणाऱ्यांपैकी कुणी स्वतःच यातून जात असेल, तर एवढंच सांगते. काही जाणवत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं नाही. एकदा रक्त तपासून घ्या. मनातलं बोलायला टेली-मानसचा १४४१६ हा नंबर आहे. फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

बहीण आता घरी आहे. उपचार अजून चालू आहेत. परवा तिने स्वतःहून वाटीभर वरणभात मागितला. मावशीने मला लगेच फोन केला, कॅम्पसला सिलेक्शन झाल्यासारखा!

हा भाग तुमच्या ग्रुपवर नक्की टाका. ज्याला गरज आहे, तो कदाचित स्वतःहून विचारणार नाही. भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या, वेळेवर जेवा.