अनाहूत आज्ञावली



सयाजीराव महाराजांनी १९०६ साली बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. आपण ज्या कागदावर अंगठा उमटवतो, त्यात काय लिहिले आहे हे रयतेला वाचता यावे, हा त्या सक्तीचा एक अर्थ होता. आज तसाच एक कागद घरच्या संगणकात असतो: नव्या यंत्राबरोबर न मागता आलेल्या आज्ञावलींची यादी.

या आज्ञावली केवळ जागा अडवतात, असे समजू नये. २०१४ साली लेनोवो कंपनीच्या काही लॅपटॉपांत 'सुपरफिश' ही आज्ञावली आधीच घातलेली होती. ती जाहिराती घुसवीच. शिवाय सुरक्षित संकेतस्थळांचे प्रमाणपत्र बाजूला सारून तेथे स्वतःचे ठेवी. फेब्रुवारी २०१५ मध्ये हे उघडकीस आले. आज्ञावली काढली, तरी तिचे मूळ प्रमाणपत्र यंत्रात राहतच असे. भाडेकरू गेला, पण किल्ली त्याच्याचकडे राहिली! ते प्रमाणपत्र निराळे शोधून काढावे लागले.

म्हणून विंडोजच्या 'सेटिंग्ज'मधील 'अ‍ॅप्स'ची यादी सावकाश वाचावी. प्रत्येक नावाचे काम जाणून घ्यावे. पडदा, ध्वनी, छपाई यांच्या आज्ञावलींना हात लावू नये. आपली कागदपत्रे आधी दुसरीकडे उतरवून ठेवावीत. मगच नको असेल ते 'अनइन्स्टॉल' करावे.

घर आपले आहे. त्यात कोणी राहावे हे विक्रेत्याने ठरवू नये. मात्र हा अधिकार वाचणाऱ्यालाच बजावता येतो. शाळेने आपल्याला वाचायला शिकविले, ते यासाठीही.