दुर्बिणीला आधी दोन तारे दाखवा
(शिक्षक-पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



शाळेने संगणकावर चालणारी दुर्बीण घ्यावी, असा विषय निघाला आहे. त्यावर काही पालकांचे म्हणणे असे, की बटण दाबले की हे यंत्र आपोआप शनीकडे वळते. मग मुलांनी शिकायचे काय? प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर थोडक्यात असे: बटण दाबण्यापूर्वी त्या यंत्राला आकाशाची ओळख करून द्यावी लागते, आणि ती करून देणाऱ्याला स्वतःला आकाश ठाऊक असावे लागते. मी भूगोलाचा शिक्षक आहे. म्हणून अक्षांश-रेखांशांच्या भाषेतच हे सांगतो.

दुर्बीण ज्या बैठकीवर बसते तिला माउंट म्हणतात. या माउंटमध्ये दोन मोटारी असतात. एक दुर्बिणीला आडवी फिरवते, दुसरी वर-खाली नेते. कोणती मोटार किती फिरली याचा हिशेब आतला संगणक ठेवतो. त्याच्या स्मरणात हजारो ताऱ्यांची स्थाने असतात. परंतु यंत्र सुरू केले त्या क्षणी आपले तोंड कोणत्या दिशेला आहे, हे त्याला मुळीच ठाऊक नसते. पाठ केलेला नकाशा आहे, पण आपण उभे कुठे आहोत याचा पत्ता नाही, अशी त्याची अवस्था असते. हा पत्ता देण्याच्या क्रियेला अलाइनमेंट, म्हणजे जुळवणी म्हणतात.

पहिली पायरी ठिकाणाची आणि वेळेची. पुण्याचे अक्षांश सुमारे साडेअठरा उत्तर, रेखांश सुमारे चौऱ्याहत्तर पूर्व. आपली प्रमाणवेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे चार मिनिटांत एक अंश. साडेपाचऐवजी कोणी पाच तासच भरले, तर हिशेबात साडेसात अंशांची चूक शिरते. चंद्राची पंधरा बिंबे शेजारी-शेजारी ठेवावीत एवढी. तारखेचेही तसेच. पुष्कळ परदेशी यंत्रांत महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात. आपल्या सवयीप्रमाणे ८ मार्च लिहिले, तर यंत्र ते ३ ऑगस्ट समजते आणि भलत्याच ऋतूचे आकाश शोधू लागते. काही यंत्रे ठिकाण आणि वेळ उपग्रहावरून स्वतःच घेतात. तरी पडद्यावरचे आकडे बरोबर आहेत की नाहीत, हे पाहणारा माणूस लागतोच.

दुसरी पायरी ताऱ्यांची. येथे संगणकावरच्या आकाश-नकाशाचा उपयोग होतो. स्टेलेरियम नावाचे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. फाबियँ शेरो या फ्रेंच प्रोग्रॅमरने त्याची सुरुवात २००० साली केली. त्यात आपले गाव, तारीख आणि वेळ भरली की त्या क्षणीचे आकाश पडद्यावर दिसते. जुळवणीसाठी तारे निवडायचे ते या नकाशावर, दिवसाउजेडी, वही-पेन्सिल घेऊन.

जानेवारीच्या मध्याचा, रात्री नऊच्या सुमाराचा आपल्याकडचा देखावा घ्या. रोहिणीचा तारा जवळजवळ डोक्यावर असतो. तो तेजस्वी खरा, पण जुळवणीला गैरसोयीचा. कारण माथ्याजवळच्या ताऱ्यावरून आडवी दिशा नीट ठरत नाही. क्षितिजालगतचे तारेही टाळावेत. तेथील जाड हवेमुळे ते किंचित वर उचललेले दिसतात. म्हणून आग्नेयेकडचा व्याध आणि उत्तरेकडून थोडा पूर्वेला असलेला ब्रह्महृदय ही जोडी घ्यावी. दोघांत दिशेचे अंतर सुमारे १०० अंशांचे आहे. दोन तारे एकमेकांपासून असे दूर असले की यंत्राचा हिशेब पक्का होतो. निवडलेला ठिपका तारा आहे की ग्रह, हेही नकाशावर पाहून घ्यावे.

आता मैदानावर चला. तिपाई सपाट ठेवावी. मुख्य दुर्बिणीवरची छोटी शोधक दुर्बीण दिवसाच दूरच्या एखाद्या मनोऱ्यावर जुळवून ठेवावी; मात्र सूर्याकडे चुकूनही रोखू नये, डोळा कायमचा जाईल. रात्री यंत्राला व्याध सांगावा, नेत्रिकेत तो बरोबर मध्यावर आणावा आणि मान्य केल्याचे बटण दाबावे. मग ब्रह्महृदयाचे तसेच करावे. मध्यावर आणताना शेवटची हालचाल नेहमी यंत्राच्या पुस्तिकेत सांगितलेल्या एकाच बाजूने करावी. दातेरी चाकांत थोडी ढिलाई असते. उलटसुलट फिरवले की तेवढा फरक राहून जातो.

दोन तारे पटले की यंत्राला पत्ता लागतो. मग दुर्बीण तारेने संगणकाला जोडावी. दुर्बिणीचा रोख कुठे आहे त्याची खूण नकाशावर उमटते. नकाशावरची वस्तू निवडून आज्ञा दिली की दुर्बीण तिकडे वळते. येथेही एक मेख आहे. पृथ्वीचा आस हळूहळू डोलत असल्याने ताऱ्यांची मोजलेली स्थाने दरवर्षी सुमारे ५० विकलांनी सरकतात. एका बाजूला इसवी सन २००० ची स्थाने आणि दुसऱ्या बाजूला आजची, असा घोटाळा झाला तर फरक एक तृतीयांश अंशाहून अधिक पडतो. चंद्रबिंबाच्या दोन तृतीयांशाएवढा! यंत्र चांगले, जुळवणीही चांगली, तरी वस्तू नेत्रिकेच्या काठावर किंवा बाहेर. सॉफ्टवेअरमध्ये यासाठी पर्याय दिलेला असतो. तो का दिला आहे, हे जाणणाराच योग्य पर्याय निवडेल.

मित्रहो, ही अडचण आजची नाही. इस्फहानच्या अब्दुर्रहमान अस्-सूफी यांनी ९६४ च्या सुमारास स्थिर ताऱ्यांवर ग्रंथ लिहिला. त्यांच्यापुढे टॉलेमीची आठ शतकांपूर्वीची यादी होती. ती त्यांनी जशीच्या तशी उतरवली नाही. ताऱ्यांच्या भोगांशांत १२ अंश ४२ कला मिळवून त्यांनी ती आपल्या काळाला आणली, आणि ताऱ्यांची तेजस्विता स्वतःच्या डोळ्यांनी पाहून नोंदवली. आज देवयानी दीर्घिका म्हणतो, तिचा लहानशा ढगासारखा उल्लेख त्याच ग्रंथात आहे. जुळवणी झाल्यावर आपली दुर्बीणही तो ढग दाखवील.

उस्तुरलाब हे जुने यंत्र घ्या. त्यात निरनिराळ्या अक्षांशांसाठी निरनिराळ्या चकत्या असत. आपल्या शहराची चकती बसवायची, ओळखीच्या ताऱ्याची उंची मोजायची, आणि वरची जाळीदार चकती फिरवून त्या ताऱ्याचे टोक त्या उंचीच्या रेषेवर आणायचे. मग सारे आकाश आणि रात्रीची वेळ हाती येई. ठिकाण भरा, तारा दाखवा, मग उत्तर घ्या, हा क्रम तेव्हाही होता आणि आजही तोच आहे.

कंट्रोलरच्या पडद्यावरच्या शब्दांकडेही मुलांचे लक्ष वेधले पाहिजे. ॲझिमथ हा शब्द अरबी 'सम्त', म्हणजे दिशा, यावरून आला. रायजेल म्हणजे 'रिज्ल', पाय. अल्डेबरन म्हणजे 'अद्-दबरान', मागून येणारा. तो सुरैयाच्या, म्हणजे कृत्तिकांच्या, मागोमाग उगवतो म्हणून. ज्या मुलीचे नाव सुरैया आहे, तिने आपल्या नावाचा तारकापुंज एकदा तरी पाहिलेला असावा, असे मला वाटते.

आता छोट्या कॅमेऱ्याने तारे स्वतःच ओळखणारी यंत्रेही निघाली आहेत, हे मी नाकारत नाही. ती जरूर वापरावीत. परंतु यंत्राने दाखविले ते खरे की खोटे, हे ठरविणे पाहणाऱ्याकडेच राहते. हे केवळ दुर्बिणीपुरते नाही. आज मुलांच्या हातातले प्रत्येक यंत्र झटपट उत्तर देते. ते उत्तर ताडून पाहण्यासाठी दोन गोष्टी तरी स्वतःला पक्क्या ठाऊक असाव्या लागतात. दुर्बिणीच्या बाबतीत त्या दोन गोष्टी म्हणजे दोन तारे.

म्हणून माझी विनंती दोन प्रकारची आहे. विद्यार्थ्यांनी दुर्बीण येण्यापूर्वी दर महिन्याला दोन तारे नुसत्या डोळ्यांनी ओळखावेत. वर्षाला चोवीस होतील आणि जुळवणीला कधीच अडणार नाही. पालकांनी, विशेषतः मुलींच्या पालकांनी, आकाशदर्शनाच्या रात्री स्वतः मैदानावर यावे. तारे रात्रीच दिसतात. रात्रीचा कार्यक्रम म्हणून मुलगी घरी राहिली, तर तिच्या वाट्याला केवळ पुस्तकातले चित्र येईल. तिला सोबत घेऊन या, तिच्याबरोबर तुम्हीही व्याध शोधा. एवढी तयारी झाली, तर आलेली दुर्बीण कपाटात कुलूपबंद होऊन धूळ खात पडणार नाही.