माडीचा जोड



आमचं देऊळघाट पैनगंगेच्या काठी, बुलडाण्याच्या अगदी जवळ. गावातल्या आमच्या जुन्या घराला लाकडी माडी होती. खाली सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर सर आणि सरांवर फळ्या. मी शाळेत असताना अब्बांनी पुढची मातीची भिंत काढून तिथे सिमेंटचे खांब आणि तुळई घालायचं ठरवलं. माडी मात्र लाकडाचीच राहणार होती. गवंड्यानं सरांची टोकं ओल्या काँक्रीटमध्येच गाडली. शेजारचे सुतारकाका अब्बांना म्हणाले, "भाई, लाकूड फुगतं, आकसतं. त्याला जागा ठेवा, ओल लागू देऊ नका." पावसाळा तोंडावर होता. कोणी ऐकलं नाही.

चौथ्या पावसाळ्यात ज्वारीचं पोतं बघायला गेलेल्या अम्मीचा पाय फळीसकट खाली गेला. सर मधून मोडलाच नव्हता. काँक्रीटमधलं त्याचं टोक कुजलं होतं. अम्मी पुढे कायम लंगडत चालली. तेव्हापासून कुठलंही घर पाहताना माझी नजर आधी जोडाकडे जाते.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपण विसरलेलो नाही. किल्लारीच्या भूकंपानं लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे आठ हजार माणसं नेली. तिथल्या घरांच्या भिंती जाड, पण दगडमातीच्या. वर मातीचं जड माळवद. जिथे माळवदाचा भार लाकडी खांबांवर होता, तिथे अनेक ठिकाणी भिंती कोसळल्या तरी खांब उभे राहिले. पण लाकडाची आणि भिंतीची एकमेकांशी बांधणी नव्हती. धक्का बसताच दोघं वेगवेगळे हलले आणि भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. नंतर जाणकारांनी सांगितलं, की माळवदावरची माती कमी करा, खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात तिरपे टेकू ठोका. म्हणजे पुन्हा जोडच!

आज परदेशात लाकूड नव्या रूपात परत आलं आहे. पट्ट्यांचे थर उभे-आडवे चिकटवून भिंतीएवढ्या जाड फळ्या करतात. कॅनडात व्हँकुव्हरच्या विद्यापीठात २०१७ मध्ये अशा फळ्यांच्या मजल्यांचं अठरा मजली वसतिगृह उभं राहिलं. त्याचे जिन्यांचे आणि लिफ्टचे दोन गाभे मात्र काँक्रीटचे आहेत. वाऱ्याचा आणि भूकंपाचा जोर लाकडी मजल्यानं त्या गाभ्यांपर्यंत पोचवायचा असतो. ते काम मजल्याला गाभ्याशी बांधणाऱ्या पोलादी पट्ट्या करतात. आगीचाही विचार करावा लागतो. जाड लाकूड बाहेरून कोळसा होतं आणि आतलं काही काळ वाचतं. उघडं पोलाद मात्र तापून मऊ पडतं. म्हणून असे जोड झाकून ठेवतात.

आपल्याकडे जुनी माडी राखून नवं बांधकाम करणारे अजून बरेच आहेत. त्यांना एवढंच सांगणं आहे. सराचं टोक काँक्रीटमध्ये गाडू नका. काँक्रीटला बोल्टनं लोखंडी बैठक पक्की करा, तिच्यात सर ठेवा. लाकूड आणि काँक्रीट यांच्यामध्ये ओल अडवणारा थर घाला. टोकाशी बोटभर मोकळी जागा सोडा, म्हणजे हवा खेळेल. सर बैठकीतून निसटणार नाही असा बोल्टनं बांधा. पण भोक थोडं लांबट ठेवा, म्हणजे आकसताना लाकूड फाटणार नाही. आणि काम सुरू करण्याआधी एकदा अभियंत्याला दाखवा.

पक्कं बांधायचं आणि तरी हलायला जागा ठेवायची, एवढीच ही गोष्ट आहे. सुतारकाका आज नाहीत. त्यांचं ते एक वाक्य तेव्हा ऐकलं असतं, तर अम्मी सरळ चालली असती.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)