खाणं थांबलं, की वाट पाहू नका



आज आपण गिनीपिगच्या आजारांबद्दल बोलणार आहोत. शहरांतल्या फ्लॅटमध्ये हल्ली हा प्राणी बऱ्याच ठिकाणी दिसतो. तो भुंकत नाही, सहसा चावत नाही, त्याला फिरायला न्यावं लागत नाही. मुलांनी हट्ट धरला, की आईवडील म्हणतात, चला, कुत्र्यापेक्षा हे बरं. निरोगी गिनीपिग सांभाळणं अवघड नाहीच. अवघड आहे ते तो आजारी पडलाय हे वेळेत ओळखणं. पशुवैद्यक म्हणून माझा अनुभव असा, की दवाखान्यात येणारे बहुतेक गिनीपिग दोन-तीन दिवस उशिरा येतात. घेऊन येणाऱ्या माणसांचं त्याच्यावर प्रेम असतं, हेळसांड झालेली नसते. त्यांना काही दिसलेलंच नसतं.

याचं कारण त्याच्या स्वभावात आहे. गिनीपिग मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. तिथल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी त्याला माणसाळवलं. पण तो मुळात शिकार होणारा प्राणी, कळपात राहणारा. जो लंगडतो, मागे पडतो, त्याच्यावर शिकारी प्राण्याची नजर आधी जाते. म्हणून दुखणं अंगावर काढायचं आणि चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही, हे त्याच्या रक्तात आहे. आपल्या घरात त्याला कुणी खाणार नाही, पण हे त्याला माहीत नाही. तो कण्हेल, ओरडेल, मग आपण धावू, असं ठरवून बसलात तर फार उशीर होईल. त्याचा आजार ओळखायच्या खऱ्या जागा तीन : त्याचं खाणं, त्याच्या लेंड्या आणि त्याचं वजन.

आधी खाणं. निरोगी गिनीपिग दिवसाचे बरेच तास काही ना काही चघळत असतो. फ्रिजचं दार उघडलं किंवा कोथिंबिरीची पिशवी वाजली, की तो शीळ घातल्यासारखा ओरडतो. हे ओरडणं एखाद्या दिवशी ऐकू आलं नाही, तर लगेच जवळ जाऊन बघा. कोथिंबीर तोंडाशी नेल्यावरही तो मान फिरवतो का? की घास तोंडात घेतो आणि टाकून देतो? पहिल्या प्रकारात पोटाचा त्रास किंवा ताप असू शकतो, दुसऱ्यात बहुधा दात.

त्याच्या पोटाची रचना समजून घ्या. आतड्यांमध्ये लाखो उपयोगी जिवाणू असतात आणि सतत आत येणाऱ्या गवतामुळे आतडी हलती राहतात. खाणं थांबलं की आतडी मंदावतात, वायू साठतो, दुखायला लागतं, आणि दुखतं म्हणून तो आणखीच खात नाही. शरीर साठवलेली चरबी वापरायला काढतं आणि तिचा भार यकृतावर पडतो. म्हणून लक्षात ठेवा : गिनीपिगने 12 तास काहीच खाल्लं नाही, तर तो तातडीचा रुग्ण आहे. माणसाला आपण म्हणतो, एक दिवस लंघन कर, पोटाला आराम मिळेल. गिनीपिगला लंघन कधीही करायला लावू नका.

आता लेंड्या. पिंजरा साफ करताना त्या नुसत्या झाडून टाकू नका, एकदा बघा. चांगल्या लेंड्या लांबट, टणक, तपकिरी आणि सगळ्या साधारण सारख्या मापाच्या. दिवसाला शंभराहून जास्त पडतात. त्या कमी झाल्या, बारीक किंवा वेड्यावाकड्या झाल्या, तर आत कमी जातंय असं समजा. थोड्या मऊ झाल्या तर पालेभाजी एक दिवस बंद ठेवून फक्त सुकं गवत आणि पाणी द्या. पाण्यासारखे जुलाब मात्र झाले, तर त्याच दिवशी दवाखाना. तो कधी कधी वाकून स्वतःची मऊ लेंडी थेट तोंडात घेताना दिसेल. त्यात आजार काही नाही, त्यातून त्याला जीवनसत्त्वं परत मिळतात.

तिसरं वजन. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा घ्या, वर एक टोपली ठेवा, काटा शून्यावर आणा आणि आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी वजन करून कॅलेंडरवर लिहून ठेवा. प्रौढ गिनीपिग साधारण 700 ते 1200 ग्रॅमचा असतो. अंगावरच्या केसांमुळे तो रोडावलेला डोळ्यांना दिसत नाही, काट्याला दिसतो. एका आठवड्यात 50 ग्रॅम कमी झाले, तर रोज वजन करायला लागा आणि खाण्यावर नजर ठेवा. किलोभराच्या प्राण्याचे 100 ग्रॅम गेले, तर बाकी सगळं ठीक दिसत असलं तरी त्याला दाखवून आणा.

आता नेहमी दिसणारे काही आजार घेऊ.

दातांपासून सुरुवात करतो. गिनीपिगला 20 दात असतात आणि सगळेच्या सगळे आयुष्यभर वाढत राहतात. तंतुमय गवत चघळून ते झिजतात. गवत कमी आणि तयार दाणे जास्त असा आहार असेल, तर मागच्या दाढा वाढतात, कधी जिभेवर कमानीसारख्या येतात. मग हनुवटी लाळेने ओली राहते, तो खायला धावतो पण खाऊ शकत नाही. पुढचे दात नीट दिसतात म्हणून फसू नका. दाढा तपासायला वेगळं उपकरण लागतं, आणि वाढलेल्या दाढा भूल देऊन घासाव्या लागतात. घरी नेलकटर लावू नका.

दुसरं, क जीवनसत्त्व. बहुतेक प्राणी ते शरीरात तयार करतात. माणूस करू शकत नाही आणि गिनीपिगही करू शकत नाही. 1907 साली नॉर्वेतल्या हॉल्स्ट आणि फ्रोलिक या दोन संशोधकांना गिनीपिगमध्ये स्कर्व्ही हा आजार दिसला, आणि त्या आजाराचं कारण आहारात आहे हे शोधायला त्यामुळे मोठी मदत झाली. तोच आजार आपल्या घरातल्या पिंजऱ्यात आजही होतो. खाण्यात क जीवनसत्त्व नसेल, तर साधारण दोन आठवड्यांत लक्षणं दिसू लागतात : केस खरखरीत होतात, सांधे सुजतात, तो चालायचं टाळतो, उचललं की कळवळतो, हिरड्यांतून रक्त येतं. एक किलो वजनामागे रोज 10 ते 30 मिलिग्रॅम एवढी त्याची गरज. एका मध्यम ढोबळ्या मिरचीचा पाव भाग कच्चा दिला, तर त्यातून साधारण 20 मिलिग्रॅम मिळतं. सोबत कोथिंबीर, अधूनमधून पेरूची छोटी फोड. तयार दाण्यांच्या पाकिटावर क जीवनसत्त्व लिहिलेलं असतं, पण ते साठवणुकीत कमी होत जातं, त्यामुळे बनवल्यापासून तीन महिन्यांच्या आतलं पाकीट घ्या. पाण्यात थेंब टाकण्याचा उपाय मी सुचवत नाही. उजेडात ते लवकर नष्ट होतं, आणि पाण्याची चव बदलली की प्राणी पाणीच कमी पितो.

तिसरं, श्वास. गिनीपिग नाकानेच श्वास घेतो. एखादी शिंक गवताच्या धुळीनेही येते. पण नाक वाहतंय, डोळ्यांच्या कडांना खपल्या आहेत, श्वासाबरोबर कुशी जोरात हलताहेत, घरघर ऐकू येतेय, तर तो न्यूमोनिया असू शकतो. तोंड उघडून श्वास घेत असेल, तर एक तासही थांबू नका. या आजाराचा एक जिवाणू कुत्र्यांच्या आणि सशांच्या श्वासमार्गात त्यांना काही त्रास न देता राहू शकतो, म्हणून ससा आणि गिनीपिग एका पिंजऱ्यात ठेवू नका.

चौथं, कातडी. खूप खाजवणं, केस गळणं, कातडीवर पांढरे पापुद्रे, हे बहुधा खरजेच्या सूक्ष्म किड्यांमुळे होतं. खाज इतकी असह्य होते, की प्राण्याला झटके येऊ शकतात. नाकाभोवती, डोळ्यांभोवती गोल टक्कल पडलं, तर तो नायटा असू शकतो. तो मुलांच्या हातांनाही लागतो, म्हणून हाताळल्यावर साबणाने हात धुवायला लावा. कुत्र्याच्या गोचिडांची पावडर किंवा थेंब मात्र गिनीपिगवर टाकू नका. त्याचं औषध वजनावर मोजून द्यावं लागतं.

पाचवं, लघवी. ती गढूळ असते आणि वाळल्यावर पांढरट डाग राहतो, हे बऱ्याच अंशी नेहमीचंच. पण लघवी करताना तो पाठ वर काढून ओरडत असेल, किंवा लाल रंग दिसत असेल, तर मूतखड्याची शंका घ्या आणि एक्स-रे काढून घ्या. लसूणघासात कॅल्शियम भरपूर असतं. वाढत्या पिल्लांना आणि गाभण मादीला ते चालतं, प्रौढांना रोज नको. पालकही रोज नको.

आपल्या हवामानाचंही बघायला हवं. गिनीपिगला 18 ते 24 अंश तापमान मानवतं. 30 अंशांपुढे त्याला उष्माघाताचा धोका असतो, आणि आपल्याकडे विदर्भात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. त्याला उन्हाळ्यात बाल्कनीत ठेवू नका. घरातली सगळ्यात थंड खोली, खाली फरशी, आणि टॉवेलमध्ये गुंडाळलेली बर्फाची बाटली टेकायला द्या. तो अंग पसरून निपचित पडला असेल, धापा टाकत असेल, लाळ गळत असेल, तर कान आणि पाय साध्या गार पाण्याने ओले करा आणि दवाखान्याकडे निघा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, गवताला बुरशी येते आणि अंथरूण ओलं राहतं. जुलाबाने किंवा लघवीने मागची बाजू ओली राहिली, तर माश्या अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या पडतात. पावसाळ्यात रोज एकदा त्याला उलटं धरून मागची बाजू आणि पायांचे तळवे बघा. जाळीच्या तळावर ठेवलेल्या प्राण्याच्या तळव्यांना जखमा होतात. त्याला सपाट, कोरडी, मऊ जागा हवी.

आता सगळ्यात महत्त्वाची सूचना. घरातल्या औषधांच्या डब्याला हात लावू नका. माणसाला आणि कुत्र्याला सर्रास दिली जाणारी काही अँटिबायोटिक्स, म्हणजे पेनिसिलिन, अ‍ॅम्पिसिलिन, अमॉक्सिसिलिन, क्लिंडामायसिन, गिनीपिगच्या जिवावर बेततात. आतड्यांतले उपयोगी जिवाणू त्यांनी मरतात, घातक जिवाणू माजतात, त्यांचं विष अंगात भिनतं आणि काही दिवसांत प्राणी दगावतो. मूळ आजारातून तो वाचला असता, औषधाने जातो. दुकानदाराने दिलं, शेजाऱ्यांच्या कुत्र्याला लागू पडलं, ही कारणं चालणार नाहीत. डॉक्टरांकडे गेल्यावरही स्पष्ट सांगा, की हा गिनीपिग आहे, आणि लिहून दिलेलं औषध त्याला सुरक्षित आहे ना, हे विचारा. असं विचारल्याने कुठल्याही चांगल्या डॉक्टरांचा अपमान होत नाही.

मग दवाखान्यात पोहोचेपर्यंत घरी काय करायचं? आधी पोटाला हलकेच हात लावा. ते ढोलासारखं ताठ फुगलं असेल, प्राणी बेशुद्ध असेल किंवा श्वासाला झगडत असेल, तर तोंडात काहीही घालू नका, लगेच निघा. तसं नसेल, तर त्याचे रोजचे दाणे कोमट पाण्यात भिजवून पातळ लापशी करा. सुई काढलेल्या सिरिंजने, पुढच्या दातांच्या मागे गालाकडच्या बाजूने, अर्धा अर्धा मिलिलिटर द्या. त्याने गिळल्यावरच पुढचा घास. दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं. दूध, भात, पोळी, बिस्किट यांतलं काही देऊ नका. नेताना टोपलीत टॉवेल, थोडं गवत आणि शक्य असेल तर त्याचा जोडीदारही घ्या. एकटा पडला की त्याचा ताण वाढतो. सोबत ताज्या लेंड्या, वजनाची नोंद आणि आहाराची यादी असेल, तर डॉक्टरांचं निदान लवकर होतं.

गिनीपिगची सवय असलेले डॉक्टर प्रत्येक गावात नसतात, म्हणून असे डॉक्टर प्राणी निरोगी असतानाच शोधून ठेवा. मुंबईत परळला, साताऱ्याजवळ शिरवळला, नागपूर, परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. जवळचं कोणतं, तिथे गिनीपिग तपासतात का, रात्री कुणाला गाठायचं, हे आधी विचारून क्रमांक भिंतीवर लावा.

आईवडिलांना एक शेवटचं सांगतो. गिनीपिग मुलांसाठी आणला असला, तरी त्याच्या तब्येतीची जबाबदारी मोठ्यांची आहे. दहा वर्षांच्या मुलाने त्याला भाजी घालावी, खेळवावं, आठवड्याचं वजन लिहावं, त्यातून तो खूप शिकेल. पण आज तो खात नाहीये, आता दवाखान्यात जायचं, हा निर्णय मोठ्या माणसालाच घ्यावा लागतो. नीट सांभाळला, तर गिनीपिग पाच ते सात वर्षं जगतो. तेवढी वर्षं त्याला द्यायची असतील, तर रोजची दोन मिनिटं आणि आठवड्याचं एक वजन पुरेसं आहे. आज रात्री जेवणं झाल्यावर काटा काढा आणि पहिला आकडा लिहून ठेवा.