करविरोधाचे राजकारण आणि अमेरिकेतील उजवे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



अमेरिकेतील उजव्या राजकारणाची ‘धनिकांचे हितसंबंध’ एवढ्या दोन शब्दांत वासलात लावण्याची सवय पुरोगामी वर्तुळात पुष्कळ जुनी आहे. हितसंबंध आहेत, याविषयी वाद नाही. परंतु धनिक मूठभर असतात आणि निवडणुका बहुमताने जिंकाव्या लागतात. मूठभरांच्या हिताचे करधोरण बहुसंख्यांच्या मतांवर कसे उभे राहिले, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर वॉशिंग्टनमध्ये शोधण्यापूर्वी कॅलिफोर्नियात शोधावे लागते.

६ जून १९७८ रोजी त्या राज्यातील मतदारांनी ‘प्रस्ताव १३’ या नावाने ओळखली जाणारी घटनादुरुस्ती सुमारे ६५ टक्के मतांनी संमत केली. तिच्यातील तरतुदी थोड्या पण दूरगामी होत्या. घर-जमिनीवरील कर तिच्या आकारणीमूल्याच्या १ टक्क्याहून अधिक असू नये. आकारणीमूल्य १९७५ च्या पातळीवर मागे न्यावे. मालमत्ता विकली जात नाही तोवर ते वर्षाला २ टक्क्यांहून अधिक वाढू नये. आणि यापुढे राज्याचा कर वाढवावयाचा तर विधिमंडळाच्या दोन्ही गृहांत दोनतृतीयांश मते पडावीत. मालमत्ता कराचे उत्पन्न एका फटक्यात निम्म्याहून खाली आले.

हे मतदान करणारे लोक भांडवलदार नव्हते. १९७० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातील घरांच्या किमती झपाट्याने वाढल्या आणि किमतीबरोबर घरपट्टीही वाढली. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या वृद्धाच्या घराची किंमत कागदावर दुप्पट झाली, तरी त्याच्या खिशात एक डॉलरही अधिक येत नव्हता. कर मात्र रोख भरावा लागत होता. यामागे एक चांगल्या हेतूने केलेली सुधारणाही होती. सॅन फ्रान्सिस्कोतील आकारणी अधिकाऱ्याचे लाचप्रकरण उघडकीस आल्यावर १९६६ साली सर्व मालमत्तांची आकारणी बाजारभावाच्या एकाच प्रमाणात करण्याचा कायदा झाला. तोपर्यंत निवडून येणारे आकारणी अधिकारी मतांसाठी लहान घरांची आकारणी मुद्दाम कमी ठेवीत. भ्रष्ट पद्धत गेली हे योग्यच झाले. परंतु तिच्याबरोबर लहान घरमालकाचे अनौपचारिक संरक्षणही गेले आणि त्याच्या जागी दुसरे कोणतेही संरक्षण आले नाही.

राज्याच्या तिजोरीत त्या वेळी काही अब्ज डॉलरांची शिल्लक पडून होती. डेमोक्रॅटिक पक्षाचे गव्हर्नर जेरी ब्राऊन आणि त्याच पक्षाचे बहुमत असलेले विधिमंडळ यांना घरपट्टीत सवलत देणे अशक्य नव्हते. योजना पुढे आल्या, चर्चा झाल्या, दिरंगाईत काळ गेला. ती पोकळी हॉवर्ड जार्विस आणि पॉल गॅन यांनी भरून काढली. यांपैकी जार्विस हे लॉस एंजेलिसमधील भाड्याच्या इमारतींच्या मालकांच्या संघटनेचे काम पाहत होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. गाऱ्हाणे वृद्ध घरमालकाचे होते. उपाय मात्र सर्व मालमत्तेला सारखाच लागू झाला. कारखाने, कार्यालये, दुकानांच्या इमारती यांनाही तेच अभय मिळाले. व्यक्तीचे घर केव्हातरी विकले जाते. कंपन्यांच्या मालमत्ता मात्र दशकानुदशके हातबदल न होता राहू शकतात. म्हणजे सवलतीचा दीर्घकालीन लाभ ज्यांच्या नावाने चळवळ झाली त्यांच्यापेक्षा मोठ्या मालमत्ताधारकांना अधिक झाला. करकपातीचा वाटा भाड्यातही उतरेल असे भाडेकरूंना सांगण्यात आले होते. तो फारसा उतरला नाही, आणि त्या निराशेतूनच १९७९ साली सँटा मोनिका शहराच्या मतदारांनी भाडेनियंत्रणाचा कायदा करून घेतला.

पुढील काळात या तरतुदीतून एक नवीन विषमता निर्माण झाली. शेजारीशेजारी असलेल्या सारख्याच दोन घरांवर, एक १९७५ पूर्वी घेतलेले आणि दुसरे काल विकत घेतलेले म्हणून, अनेकपट फरकाचा कर पडू लागला. १९८६ साली ही कमी आकारणी मुलांना वारशाने देण्याचीही सोय झाली. ती २०२० मध्ये बरीच संकुचित करण्यात आली. वॉरेन बफे या अब्जाधीशाने २००३ साली स्वतःचेच उदाहरण देऊन हा प्रकार जगापुढे मांडला. ओमाहा येथील त्यांच्या पाच लाख डॉलरांच्या घरावर वर्षाला चौदा हजार डॉलरांहून अधिक कर होता. कॅलिफोर्नियातील चाळीस लाख डॉलरांच्या घरावर तो सव्वादोन हजारांच्या आसपास होता. तरीही व्यापारी मालमत्तेची आकारणी बाजारभावाने करण्याचा प्रस्ताव २०२० साली मतदारांनी थोड्या मतांनी फेटाळला. एकदा दिलेली सवलत हक्क होऊन बसते, हा नियम श्रीमंतांच्या सवलतीलाही लागू आहे.

परंतु सर्वांत उद्बोधक परिणाम याहून वेगळा आहे. स्थानिक स्वराज्य आणि मर्यादित शासन ही अमेरिकन पुराणमतवाद्यांची आवडती तत्त्वे होत. प्रस्ताव १३ ने नगरपालिका आणि शाळामंडळे यांचा स्वतःचा उत्पन्नाचा आधार तोडला आणि त्यांना सॅक्रामेंटो येथील राज्यसरकारच्या अनुदानावर अवलंबून ठेवले. म्हणजे सत्ता लोकांच्या जवळ येण्याऐवजी दूर गेली. नगरपालिकांनी विक्रीकर, निरनिराळी शुल्के आणि नव्या घरबांधणीवरील आकार वाढवले. विक्रीकर मिळतो म्हणून मोठ्या दुकानांना जागा देणे शहरांना लाभदायक वाटू लागले आणि घरबांधणी मागे पडली. शासन नाहीसे झाले नाही. त्याचा खर्च दुसऱ्या दाराने आणि बहुधा कमी ऐपतीच्या माणसाकडून वसूल होऊ लागला.

कॅलिफोर्नियातील या विजयाचा अर्थ रिपब्लिकन पक्षाने अचूक ओळखला. तोपर्यंत त्या पक्षाचा अर्थविचार निराळा होता. आयझेनहॉवर यांच्या कारकीर्दीत प्राप्तिकराचा सर्वोच्च दर ९१ टक्के होता, आणि अंदाजपत्रकाचा तोल साधल्याशिवाय करकपात नाही ही त्यांची भूमिका होती. खर्च करावयाचा तर कर भरला पाहिजे, हा जुना पुराणमतवाद कठोर असेल, परंतु प्रामाणिक होता. १९७८ नंतर त्याची जागा नव्या मताने घेतली: आधी कर कमी करावा, त्यामुळे उत्पादन वाढेल, आणि ते न वाढले तरी पैसा आटल्याने शासन आपोआप आक्रसेल.

या मतामागेही एक खरे गाऱ्हाणे होते. १९७० च्या दशकातील महागाईत कामगाराचे वेतन केवळ महागाईइतके वाढले तरी तो प्राप्तिकराच्या वरच्या टप्प्यात ढकलला जाई. त्याची खरी मिळकत तेवढीच राहून कर मात्र वाढे, आणि त्यासाठी एकाही लोकप्रतिनिधीला मत द्यावे लागत नसे. लोकप्रतिनिधींच्या संमतीवाचून वाढणारा कर हा लोकशाहीतील दोष आहे, हे उजव्यांचे म्हणणे बरोबर होते. १९८१ च्या कायद्याने करांचे टप्पे महागाईशी जोडले गेले आणि १९८५ पासून ती तरतूद अमलात आली. ते योग्यच झाले. मात्र त्याच कायद्याने सर्वोच्च दर ७० टक्क्यांवरून ५० वर आणला, आणि १९८६ च्या कायद्याने तो पुढे २८ टक्क्यांवर उतरला. येथेही गाऱ्हाणे वेतनदाराचे आणि मोठा लाभ वरच्या थरांचा, हाच क्रम दिसतो.

शासन आक्रसले काय? रीगन यांनी १९८१ मध्ये मुदतीपूर्वी निवृत्त होणाऱ्यांचे सामाजिक सुरक्षा लाभ घटवण्याची सूचना केली, तेव्हा सिनेटने तिच्याविरुद्ध ९६ विरुद्ध ० मतांनी ठराव केला. त्यांच्याच पक्षाचा एकही सिनेटर त्यांच्या बाजूने उभा राहिला नाही. १९८३ साली ही योजना सावरण्यासाठी पगारावरील कर वाढवण्यात आला. हा कर एका मर्यादेपर्यंतच्याच वेतनावर पडतो. म्हणून त्याचा भार मजुरावर पूर्ण आणि मोठ्या पगारदारावर अंशतः असतो. संरक्षणखर्च वाढला. रीगन यांच्या आठ वर्षांनंतर केंद्रीय खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या जवळजवळ पूर्वीइतक्याच प्रमाणात, सुमारे २१ टक्के, राहिला आणि सरकारी कर्ज तिपटीच्या घरात गेले.

या विरोधाभासाचे उत्तम विश्लेषण डाव्यांपैकी कोणी नव्हे, तर रीगन यांच्याच आर्थिक सल्लागार मंडळाचे एक सदस्य विल्यम निस्कानेन यांनी पुढे केले. आकडे तपासून त्यांनी दाखवले की, करांचे प्रमाण कमी असते तेव्हा सरकारी खर्च घटत नाही, उलट वाढतो. कारण सोपे आहे. शंभर रुपयांची वस्तू आज ऐंशीला मिळू लागली आणि उरलेले वीस उद्याच्या खात्यावर मांडले गेले, तर वस्तूची मागणी वाढतेच. कर्ज काढून करकपात करणे म्हणजे मतदाराला शासन स्वस्तात विकणे होय.

तरीही ही भूमिका पक्षाची निष्ठा होऊन बसली. ग्रोव्हर नॉरक्विस्ट यांच्या संघटनेने १९८६ पासून उमेदवारांकडून कर न वाढवण्याची लेखी प्रतिज्ञा घेण्यास प्रारंभ केला. थोरले बुश यांनी १९८८ मध्ये नवे कर लादणार नाही असे जाहीर वचन दिले, १९९० मध्ये तूट आवरण्यासाठी ते मोडले आणि १९९२ मध्ये ते पराभूत झाले. त्यातून पक्षाने जो धडा घेतला, तो तुटीविषयी नव्हता. १९९३ साली क्लिंटन यांच्या करवाढीला एकाही रिपब्लिकन सदस्याने मत दिले नाही. त्या दशकाच्या अखेरीस अंदाजपत्रकात शिल्लक पडली, तीही २००१ च्या करकपातीनंतर लवकरच संपली. कॅन्सस राज्यात २०१२ साली गव्हर्नर ब्राऊनबॅक यांनी प्राप्तिकर घटवला आणि अनेक व्यवसायांचे उत्पन्न पूर्ण करमुक्त केले. अपेक्षित भरभराट आली नाही. तूट आली, शाळा आणि रस्ते यांचा पैसा आटला. अखेर २०१७ मध्ये रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळानेच गव्हर्नरांचा नकाराधिकार डावलून त्या कपाती रद्द केल्या. त्याच वर्षी वॉशिंग्टनमध्ये मात्र कंपन्यांवरील कर ३५ टक्क्यांवरून २१ टक्के करण्यात आला. अनुभवाने शिकण्याची सोय राज्यांना असते, कारण त्यांना चालू खर्चाचा ताळमेळ घालावा लागतो. ज्याला हवे तेवढे कर्ज मिळते त्याचे शिक्षण लांबणीवर पडते.

या इतिहासाचे तात्पर्य उजव्यांच्या निंदेने संपत नाही. अमेरिकेतील सामान्य मतदार शाळा, निवृत्तिवेतन आणि वैद्यकीय मदत यांच्या विरोधात नव्हता. १९८१ चा सिनेटचा ठराव याची साक्ष देतो. तो अन्यायकारक वाटणाऱ्या कराच्या विरोधात होता. कर चांगल्या कामासाठी आहे, एवढे सांगून त्याची अन्याय्य आकारणी समर्थनीय ठरत नाही. लोककल्याणाच्या कैवाऱ्यांनी वृद्ध घरमालकाची तक्रार मालमत्ताधारकाचे रडगाणे म्हणून बाजूला ठेवली, तेव्हा तिच्या खांद्यावरून मोठ्या मालमत्तेने आपली बंदूक चालवली. कल्याणकारी शासनाचा पाया खर्चाच्या यादीत नसून कराच्या न्याय्यतेत आहे. लहान माणसावरील अयोग्य कराविरुद्ध पहिला मोर्चा समतावाद्यांनी काढला पाहिजे. त्यांनी तो काढला नाही, तर दुसरे कोणीतरी काढील, आणि त्या मोर्चाच्या अखेरीस मागणीपत्रकावर कोणाच्या मागण्या असतील, ते कॅलिफोर्नियाने दाखवून दिले आहे.